हत्तिणीच्या गाठी

परवा टीममधल्या एकाने जेवताना फेकलं, "हत्तीला कॅन्सर होत नाही, माहितीये?" डेडलाइन डोक्यावर होती, म्हणून तेव्हा नुसती मान हलवली. शनिवारी चहाचा कप घेऊन शोधायला बसले, तर गोष्ट अर्धीच खरी निघाली.

खरा अर्धा भाग असा. टीपी५३ नावाचं जनुक बिघडलेल्या पेशीला दुरुस्त व्हायला लावतं, नाहीतर सरळ संपवतं. आपल्याकडे त्याची एक जोडी असते. हत्तीकडे अशा २० जोड्या असतात, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. एवढं बॅकअप आम्ही प्रॉडक्शन सर्व्हरलासुद्धा देत नाही!

आणि तरीही प्राणिसंग्रहालयांतल्या आशियाई हत्तिणींच्या गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी सर्रास सापडतात. त्या बहुतेक कॅन्सरच्या नसतात, पण वाढल्या की रक्तस्राव होतो, गर्भ राहत नाही. बाहेरून बराच काळ काही कळत नाही. गर्भाशय इतकं खोल असतं की ऑपरेशनचा पर्याय जवळजवळ नसतोच.

असं का होतं? हिशोब सोपा आहे. जंगलात हत्तीण २२ महिने गाभण असते, मग काही वर्षं पिल्लाला पाजते. दोन पिल्लांत चार-पाच वर्षं जातात, त्यामुळे ती मोजक्याच वेळा माजावर येते. बंदिवासात एकटी ठेवलेली हत्तीण मात्र दर तीन-चार महिन्यांनी माजावर येत राहते. तीस वर्षांत साधारण शंभर वेळा! दर वेळी शरीर पिल्लाची तयारी करतं, दर वेळी ती वाया जाते. थांबायची अटच न लिहिलेला लूप. बर्लिनच्या हेर्मेस, हिल्डेब्रांट आणि गोरित्झ या संशोधकांनी २००४ मध्ये हेच मांडलं होतं: हत्तीण तरुण असते, पण तिचं गर्भाशय आधीच म्हातारं होतं.

हे वाचून माझी आई काय म्हणेल ते मला पाठ आहे. "बघ, सगळं वेळच्या वेळी झालेलं बरं असतं!" नाही गं आई. मुद्दा बरोबर उलटा आहे. मूल कधी, की नकोच, हे मी ठरवू शकते (निदान ठरवता यायला हवं). हत्तिणीसाठी दुसरंच कुणीतरी ठरवतं, आणि बहुतेकदा तेही न ठरवता.

२०२५ च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची माधुरी हत्तीण वनताराला नेली, तेव्हा आपण सगळे तावातावाने भांडलो. श्रद्धा, कोर्ट, साखळदंड, पायाच्या जखमा... माधुरीला अशा गाठी आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण वर्षानुवर्षं एकटी उभी असलेली हत्तीण आतून कशी असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्याही डोक्यात आला नव्हता.

मग करायचं काय? गाठी नकोत म्हणून पिल्लं होऊ द्या, हे मला पटत नाही. ते पिल्लूही पन्नास-साठ वर्षं कैदेतच काढणार. दुसरी वाट आहे. मेंदूकडून अंडाशयाकडे जाणारा संप्रेरकाचा निरोप अडवणारी लस. स्मिथ्सोनियनच्या पशुवैद्यांनी एका आशियाई हत्तिणीला ती दिली. तिचं चक्र थांबलं, गाठ आक्रसली. २०१२ मध्ये हे छापून आलं. लस चालू असेपर्यंत पिल्लू होत नाही, म्हणजे हीसुद्धा फुकटची सोय नाही. पण निदान तो विचार करून घेतलेला निर्णय असतो.

माझं म्हणणं एवढंच. प्राणिसंग्रहालय असो की देऊळ, हत्तीण पाळायची तर तरुणपणापासून तिची नियमित सोनोग्राफी झाली पाहिजे आणि चक्र चालू ठेवायचं की थांबवायचं हे वेळेत ठरलं पाहिजे. "आम्ही काहीच केलं नाही" हे उत्तर चालणार नाही. तिला एकटं ठेवलं तेव्हाच आपण बरंच काही केलेलं असतं.

असो. सोमवारी त्या मित्राला उरलेली अर्धी गोष्ट सांगायची आहे. जेवताना नको, चहाला सांगेन.