भटकी कुत्री : प्रश्न कोणाचा, ओझे कोणावर?

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तीन महिन्यांच्या आत तीन वेगवेगळे आदेश दिले. दिल्लीतील एका सहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या वृत्ताची दखल घेऊन न्यायालयाने २८ जुलै रोजी हे प्रकरण स्वतःहून हाती घेतले होते. ११ ऑगस्टला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवावीत, ती पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असे फर्मावले. त्यावर देशभर गदारोळ उठला. २२ ऑगस्टला न्या. विक्रम नाथ, न्या. संदीप मेहता आणि न्या. अंजारिया यांच्या त्रिसदस्य पीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत आणि खाऊ घालणे ठरवून दिलेल्या जागीच व्हावे, असे नव्या आदेशाचे स्वरूप होते. प्रकरणाची कक्षाही साऱ्या देशापर्यंत वाढविण्यात आली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस आगारे व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवावीत आणि ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असा तिसरा आदेश निघाला.

वर्तमानपत्रांनी या वादाला ‘श्वानप्रेमी विरुद्ध श्वानपीडित’ असे रूप दिले. दूरचित्रवाणीवरील चर्चांनाही ते सोयीचे होते. मात्र या भांडणातून तिसरा पक्ष अलगद निसटला. कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, त्यांना लस टोचणे आणि रस्त्यावरचा कचरा उचलणे हे ज्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे, त्या महापालिका व नगरपालिकांचा हा पक्ष होय. चावा घेतला गेलेले मूल आणि रात्री जखमी कुत्र्याला उचलून नेणारी बाई, ही दोघेही एकाच हलगर्जीपणाची किंमत मोजत आहेत, असे आमचे मत आहे.

चावा घेतला गेलेल्यांचे दुःख प्रथम सांगितले पाहिजे, कारण प्राणिमित्रांच्या लिखाणात ते पुष्कळदा दोन ओळींत उरकले जाते. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी रेबीजने झालेल्या संशयित मृत्यूंची सरकारी संख्या होती केवळ ५४! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज मात्र वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. ज्या मृत्यूंची नोंदच होत नाही, ते कोणाच्या घरातील असतात हे सांगायला नको. बंद मोटारीतून शाळेला जाणाऱ्या मुलापेक्षा पहाटे पायी कामाला निघणाऱ्या सफाई कामगाराला, उघड्यावर खेळणाऱ्या झोपडीतील पोराला चावा बसण्याचा संभव कितीतरी अधिक. शिवाय जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते आणि ते लहान सरकारी दवाखान्यांत हमखास मिळेलच असे नाही. २०२३ साली गाझियाबादमधील एका शाळकरी मुलाने कुत्रा चावल्याची गोष्ट भीतीपोटी घरी सांगितली नाही. लक्षणे दिसू लागली तेव्हा उशीर झाला होता, कारण एकदा लक्षणे उमटली की रेबीजवर उपाय नाही. (जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे, एवढे तरी प्रत्येक आईबापाने मुलांना सांगून ठेवावे. मार बसणार नाही, हेही सांगावे.)

आता कुत्र्यांकडे वळू. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाख. या आकड्यांतून त्यांचे जिणे मात्र कळत नाही. रस्त्यावर जन्मलेल्या पिलांपैकी पुष्कळशी पहिले वर्षही पाहत नाहीत. काही पार्वो आणि डिस्टेंपरने मरतात, काही चाकाखाली जातात. पावसाळ्यात लहानशी जखमही चिघळून तीत अळ्या पडतात. खरूज झालेल्या कुत्र्याला लोक पिसाळलेले समजून दगड मारतात. त्यात अलीकडे हौसेने विकत आणलेली जातिवंत कुत्री आजारी वा म्हातारी झाली की गाडीतून नेऊन परक्या वस्तीत सोडण्याची रीत पडली आहे. अशा कुत्र्याला कचऱ्यातून पोट भरणे ठाऊक नसते आणि तेथील टोळी त्याला जवळ येऊ देत नाही.

या जनावरांसाठी झटणारी माणसे पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत श्रीमंत हौशी थोडे आणि मध्यमवर्गीय किंवा गरीबच अधिक असतात. शिक्षिका, निवृत्त कारकून, घरकाम करणाऱ्या बायका, चहाच्या टपरीवाले. स्वयंपाकाबरोबर चार मुठी तांदूळ जास्त शिजवायचा, त्यात कोंबडीचे पाय नाहीतर कलेजी घालायची आणि रात्री दहानंतर, रस्ता सामसूम झाल्यावर, डबा घेऊन बाहेर पडायचे. उशिरा बाहेर पडण्याचे कारण लोकांची बोलणी टाळणे हे असते. अपघातात कुत्र्याचा पाय मोडला की त्यांची खरी परीक्षा सुरू होते. रिक्षावाला रक्ताळलेले जनावर घेत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडण मुख्यतः गाई-म्हशींसाठी झालेली आणि रात्री तेथे कुलूप. खाजगी डॉक्टरकडे क्ष-किरण, शस्त्रक्रिया आणि पुढचे काही दिवस सलाईन म्हटले की महिन्याच्या पगाराला खिंडार पडते. जनावर वाचले तर त्याला ठेवायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. घरमालक जागा सोडण्याची नोटीस देतो, सोसायटीच्या सभेत नाव घेऊन ठराव होतो, कधी अंगावर हात टाकण्यापर्यंत मजल जाते. बहुधा ती बाई एकटी असते, म्हणून हे सारे सोपे जाते. ‘एवढी दया आहे तर माणसांची सेवा करा’ हे वाक्य तिने किती वेळा ऐकलेले असते! ते म्हणणाऱ्यांपैकी कितीजण माणसांची सेवा करीत असतात, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही.

२२ ऑगस्टच्या आदेशात आणखी एक अट होती. न्यायालयात दाद मागणाऱ्या प्रत्येक श्वानप्रेमी व्यक्तीने २५ हजार रुपये आणि प्रत्येक संस्थेने २ लाख रुपये भरावेत. ती रक्कम कुत्र्यांच्या सोयींसाठीच वापरली जाणार होती, हे खरे. तरीही डबा घेऊन फिरणाऱ्या बाईला तेथे उभे राहणे परवडणारे नव्हते.

मुंबईला हा वाद नवा नाही. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत संस्था उभी राहिली आणि १८८३ मध्ये परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय. तरीही कुत्री मारण्याचे काम महापालिका १९९४ पर्यंत करीतच राहिली आणि कुत्री काही संपली नाहीत. मोकळी झालेली जागा शेजारची टोळी घेते आणि उरलेल्या माद्या वर्षातून दोनदा वितात, हे त्याचे साधे कारण. मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून मारण्याऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग सुचविला होता. तो देशाच्या नियमांत यायला २००१ साल उजाडले. त्या नियमांची जागा २०२३ च्या नव्या नियमांनी घेतली आहे.

या मार्गाचे गणित मात्र कठोर आहे. एखाद्या भागातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांवर थोड्या काळातच शस्त्रक्रिया झाली तरच संख्या उतरू लागते. तीस-चाळीस टक्क्यांवर काम थांबले तर दोन वर्षांत पूर्वस्थिती येते आणि खर्च वाया जातो. आपल्या बहुतेक शहरांत हेच घडते. ठेका संपतो, देयके अडतात, केंद्र बंद पडते. नेमके येथेच त्या डबेवाल्या बाईचे महत्त्व आहे. जाळे घेऊन आलेल्या गाडीचा वास येताच कुत्री पांगतात, आणि तिच्या हाकेला तीच कुत्री शेपूट हलवीत येतात. कोणत्या मादीचे ऑपरेशन राहिले आहे, कोणाच्या कानाला काप आहे, नवे कुत्रे कोठून आले, हे तिला पाठ असते. महापालिकेने पैसे देऊन नेमावे असे हे ज्ञान ती फुकट देते आणि वर शिव्या खाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ज्यांना कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल त्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत, असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. तो आदेश राहिला असता तर पुष्कळ वस्त्यांत कुत्र्यांना हात लावू शकणारे एकमेव माणूसच गेले असते.

काम नेटाने केले तर काय होते, याचे उदाहरण शेजारी गोव्यात आहे. २०१४ पासून तेथे मिशन रेबीज आणि राज्य सरकार यांनी गावोगाव फिरून दरवर्षी लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनीची सोय केली. २०१७ नंतरची काही वर्षे तेथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. भूतानने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्व भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. तो देश काही आपल्या महानगरपालिकांहून श्रीमंत नाही.

कचऱ्याविषयी बोलल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. कुत्रे तेथेच जगते जेथे खायला मिळते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे १९९० नंतर गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली आणि मेलेल्या गुरांचे मांस कुत्र्यांच्या वाट्याला आले. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली, परंतु गिधाडे फिरून पूर्वीसारखी दिसू लागली नाहीत. हे झाले मोठे कारण. लहान कारणे आपल्या अंगणात आहेत. लग्नाच्या मांडवामागे, सणाच्या यात्रेत खाद्यपदार्थांच्या गाड्यांमागे, मटणाच्या दुकानाशेजारी आपण काय टाकून येतो, हे सोमवारी सकाळी जाऊन पाहावे.

खाऊ घालणाऱ्यांपैकी काहींचे वागणे आम्हास मान्य नाही. शाळेच्या फाटकाशी बिस्किटे उधळून निघून जाणारा, पण त्या कुत्रीला एकदाही शस्त्रक्रियेसाठी न नेणारा माणूस दया करीत नाही, स्वतःचे समाधान करून घेतो. चावणारे कुत्रे निरीक्षणासाठी नेऊ न देणे ही तर शुद्ध आडमुठी आहे. २०२३ च्या नियमांत यावर तोडगा आहे, पण तो वाचलेले पदाधिकारी विरळा. मुलांच्या खेळण्याची जागा, जिने आणि प्रवेशद्वार टाळून कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी जागा आणि वेळ ठरविण्याची जबाबदारी गृहनिर्माण संस्थेवर व स्थानिक प्रशासनावर आहे, एकट्या त्या बाईवर नाही. संस्थेच्या पुढच्या सभेत तिच्याविरुद्धचा ठराव येईल, तेव्हा त्याच विषयपत्रिकेवर आणखी दोन विषय घालता येतील : ही जागा कोणती, आणि आपल्या प्रभागात गेल्या वर्षी किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले, ते महापालिकेला लेखी विचारणारे पत्र. पत्राखाली पहिली सही चावा घेतला गेलेल्या मुलाच्या वडिलांची असावी आणि दुसरी तिची.