जर्सी कोणाची?

गतकाळच्या हंगामांतील फुटबॉल जर्सी हुबेहूब नव्याने शिवून विकण्याचा धंदा युरोपात सध्या तेजीत आहे. इटलीतील पार्मा क्लबाच्या पिवळ्या-निळ्या पट्ट्यांच्या जर्सीला त्यात मोठा मान. १९९९ साली पार्माने युएफा चषक जिंकला, तेव्हा तिच्यावर पार्मालात या दुग्धव्यवसायी कंपनीचे नाव झळकत होते. ती कंपनी डिसेंबर २००३ मध्ये खोट्या हिशेबांपायी कोसळली. क्लब तगला, पण मार्च २०१५ मध्ये, खेळाडूंचे पगार थकलेले असताना, तोही दिवाळखोर ठरला. स्थानिक उद्योजकांनी चौथ्या श्रेणीतून त्याची पुन्हा उभारणी केली, चाहत्यांनाही मालकीत भाग दिला आणि २०१८ साली पार्मा पहिल्या श्रेणीत परतला.

गोव्यात अशी जर्सी कोणी शिवावयाची म्हटली, तर ती २०१६ सालची शिवावी लागेल. त्या वर्षी साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. खाणी बंद झाल्या आणि फुटबॉल आटला, असे याचे सुटसुटीत स्पष्टीकरण दिले जाते. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. धेंपो समूहाने आपला खाणव्यवसाय २००९ सालीच सेझा गोवाला विकला होता. त्यानंतरही त्यांच्या क्लबाने दोनदा आय-लीग जिंकली. २०१६ साली तर द्वितीय श्रेणी जिंकून तो वरच्या श्रेणीस पात्रही ठरला होता. अडले ते अन्यत्र. शुल्क भरून प्रवेश घ्यावयाचा आणि हरले तरी खाली उतरावयाचे नाही, अशा आयएसएलला अग्रस्थान देण्याचा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा बेत होता. मैदानावर कमावलेल्या जागेस मग मोल ते काय राहणार? मालकांचे गणित चुकले, असे आम्ही म्हणणार नाही.

पण तो निर्णय एकट्या मालकांचा होता, हे खरे दुखणे. फुटबॉल हा केवळ सासष्टीचा खेळ मानणाऱ्यांनी आठवावे की, साळगावकरचा गोल राखणारे ब्रह्मानंद शंखवालकर भारताचे कर्णधार झाले, तेव्हा अभिमान साऱ्या गोमंतकाला वाटला होता. स्पर्धा सोडताना त्या प्रेक्षकांस विचारण्याची सोयच नव्हती. जर्सीवरचे नाव घराण्याचे, तशी जर्सीही घराण्याचीच.

धेंपो २०२४ साली आय-लीगमध्ये परतला. उलट जिच्यापायी हे सारे घडले, त्या आयएसएलचाच हंगाम जुलै २०२५ मध्ये करार संपत आल्यामुळे स्थगित झाला आणि काही क्लबांनी पगार थांबविले. तेव्हा २०१६ ची जर्सी कधी बाजारात आलीच, तर तिच्यासोबत क्लबाचा एखादा भागही सामान्य चाहत्यास विकत घेता यावा. गोवा फुटबॉल संघटनेने तशी योजना मालकांपुढे मांडावी.