वादळाची व्याख्या बदलली, धोका कायम राहिला

दूरचित्रवाणीवर हवामान सांगणारा म्हणजे नकाशापुढे उभा राहून तापमानाचे आकडे वाचणारा निवेदक, असा एक सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील डॉ. रिक नॅब यांची कारकीर्द या समजाला छेद देते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातून हवामानशास्त्रात पीएच.डी. मिळवलेले नॅब मायामीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्रात तज्ज्ञ होते. २०१० मध्ये ते ‘द वेदर चॅनेल’वर गेले, २०१२ मध्ये केंद्राचे संचालक म्हणून परतले आणि २०१७ मध्ये पुन्हा त्याच वाहिनीत रुजू झाले.

प्रयोगशाळेची काटेकोर भाषा आणि सामान्यांना उमजणारी भाषा यांतील अंतर या प्रवासात ठळकपणे दिसते. २००५ च्या ‘कतरिना’ वादळावरील केंद्राच्या अहवालाचे नॅब हे एक लेखक. लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकताना चौथ्या श्रेणीचे मानले गेलेले हे वादळ प्रत्यक्षात तिसऱ्या श्रेणीचे होते, असा निष्कर्ष त्यात निघाला. मात्र श्रेणी केवळ वाऱ्याचा वेग सांगते. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी २४ फुटांहून अधिक चढले, ते या आकड्यात कोठेच उमटत नाही.

नॅब संचालक झाल्यानंतर काही महिन्यांतच ‘सँडी’ने हीच उणीव चव्हाट्यावर आणली. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यू जर्सीला धडकण्यापूर्वी हे वादळ उष्णकटिबंधीय चक्रीवादळाच्या व्याख्येतून बाहेर पडेल, असा अंदाज होता व तो अचूक ठरला. ऐन संकटात इशाऱ्याचे स्वरूप बदलल्यास गोंधळ उडेल, या विचाराने नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तरेला केंद्राने चक्रीवादळाचा इशारा दिलाच नाही. वारा व पुराचे वेगळे इशारे स्थानिक कार्यालयांनी दिले. शास्त्रीयदृष्ट्या त्यात चूक नव्हती. परंतु ‘चक्रीवादळ’ या एका शब्दाने जो धाक बसतो, तो बसला नाही, अशी टीका झाली. अमेरिकेत ‘सँडी’च्या थेट तडाख्याने ७२ बळी गेले.

परिणामी २०१३ मध्ये नियम बदलले. वादळाचे स्वरूप पालटले तरी धोका असेपर्यंत इशारा कायम ठेवण्याची मुभा केंद्राला मिळाली. २०१७ च्या हंगामापासून समुद्राच्या उधाणाचा स्वतंत्र इशाराही अमलात आला.

अंदाज अचूक असणे हे निम्मेच काम होय. तो ऐकून घर सोडायचे की नाही, हे सामान्य माणसाला वेळेत ठरवता आले, तरच ते पूर्ण होते. संशोधकाने कॅमेऱ्यापुढे जाणे म्हणूनच पायउतार होणे ठरत नाही.