झग्यामागची तेहामाना

वधूपरीक्षेला बसावी तशी सावरून बसलेली ही मुलगी पाहिलीत? फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ याने १८९३ मध्ये ताहिती बेटावर रंगवलेली ही तेहामाना. आज हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

कापड तागाचे, आपल्या गोणपाटाच्या जातीचे. हे जाडेभरडेपण त्याला ‘आदिम’ बेटासाठी शोभणारे वाटे. पण ताहिती १८८० पासून फ्रेंच वसाहत होती आणि तेहामानाच्या अंगावर मिशनऱ्यांनी रुजवलेला गळाबंद, पट्ट्यापट्ट्यांचा झगा आहे! मग हरवलेले बेट गोगँने तिच्या पाठीमागे रंगवले: जुनी देवता, गूढ लिपी.

गोगँच्याच लेखनानुसार ती तेरा वर्षांची. तो चाळिशी ओलांडलेला. त्याने पुष्कळ लिहून ठेवले. तेहामानाचे म्हणणे मात्र कुणीच टिपले नाही.