भाड्याचा करार नोंदणीचा, नाईटचा तोंडी

ठाकुर्ली पूर्वेला भाड्याने राहणाऱ्या एका पडद्यामागच्या सहकाऱ्याचे पत्र या महिन्यात आले. खोलीच्या लीव्ह-लायसन्सची झेरॉक्स त्याने सोबत जोडली आहे. मुदत अकरा महिने, भाडे अमुक, अनामत अमुक, नूतनीकरणाला दहा टक्के वाढ, खाली नोंदणी क्रमांक. तो लिहितो : 'मालकाची वाढ कागदावर आहे म्हणून मी निमूटपणे देतो. माझी नाईट (एका प्रयोगाचे मानधन) चार वर्षांत एकदाच वाढली. पुन्हा मागितली तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, असं कुठं ठरलं होतं?'

ठरले कुठेच नव्हते, कारण आपल्या नाटकाच्या धंद्यात काहीच लिहून ठरत नाही. यंदाच्या वाढत्या खर्चाबद्दल आलेली बहुतेक पत्रे दराबद्दल आहेत. आमच्या मते दराच्या आधीचा प्रश्न कागदाचा आहे. 'नाईट वाढवा' असे म्हणायचे तर आजची नाईट किती आणि ती कशाबद्दल, हे कुठे तरी लिहिलेले हवे.

त्या झेरॉक्समागचा कायदा पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती त्याने टाळली आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. म्हणजे कागद नसल्याचा तोटा, जो कागद करू शकत होता त्याला. नाटकात नेमके उलटे आहे. कागद करण्याची ताकद निर्मितीसंस्थेची, आणि तो नसल्याचा तोटा कपडेपटवाल्याचा, ध्वनी-ऑपरेटरचा, दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाचा.

आता सरकारकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत 'दृक्-श्राव्य कामगार' अशी व्याख्या आहे. नट, वादक, गायक, नर्तक, निवेदक, तंत्रज्ञ, अंगमेहनतीची कामे करणारे, सगळे तीत येतात, फक्त मोबदला सरकारने ठरवलेल्या मर्यादेत हवा. लेखी कराराशिवाय त्यांना कामावर घेता येत नाही, आणि करार नोंदवायची जबाबदारी निर्मात्याची. सिनेमाच्या कामगारांना हा हक्क १९८१ च्या कायद्याने मिळाला होता. आता मालिका, वेबमालिका, जाहिरातीही आत आल्या. याचा आम्हाला आनंद आहे. पण रंगमंच? चित्रीकरण होत नाही म्हणून तो व्याख्येबाहेर. तोच नट दिवसा घोडबंदरच्या सेटवर मालिकेचे काम करतो तेव्हा करारपत्राचा हक्कदार, आणि संध्याकाळी गडकरी रंगायतनला येऊन तोंडाला रंग लावतो तेव्हा त्याच्या बाजूने एक ओळही नाही. मालिकेचे पैसे तीन-तीन महिने थकतात हे खरे, पण थकले हे तरी त्याला कागद दाखवून सांगता येते.

नाटकाकडे सरकारचे लक्षच नाही, असे म्हणता येत नाही. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, प्रमाणपत्र मिळते, मगच प्रयोग लागतो. म्हणजे नाटकातले वाक्य न् वाक्य वाचायला शासनाकडे माणसे आहेत. ते नाटक उभे करणाऱ्याला काय मिळणार, हे वाचायला एकही टेबल नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालय व्यावसायिक नाटकांना प्रयोगामागे अनुदान देते, तो जनतेचा पैसा आहे. अनुदानाच्या अर्जाला प्रत्येक कलावंत-कामगाराच्या लेखी कराराची प्रत जोडणे सक्तीचे करा, आणि करार नसेल तर कामगाराचे म्हणणे ग्राह्य धरा. भाडेकरूला जे १९९९ साली दिले, ते रंगकर्मीला द्यायला आणखी किती वर्षे हवीत? यासाठी नवा कायदाही लागणार नाही. एक शासननिर्णय पुरे.

कागद नसल्यामुळे 'नाईट' या एका शब्दात काय काय कोंबले जाते, ते दादरच्या रात्रीच्या प्रयोगाला जाणारा ठाकुर्लीचा सहकारी सांगू शकेल. दुपारी टेम्पो उतरवायचा, लेव्हल आणि फ्लॅट उभे करायचे, लाइट टांगायचे, प्रयोग वाजवायचा. पडदा पडल्यावर प्रेक्षक स्टेशन गाठतो, तेव्हा याच्या हातात हातोडी असते. सेट मोडून टेम्पो भरेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असते. मग पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावर बसायचे. ठाकुर्लीला जलद गाडी थांबत नाही. एखाद्या रात्री जलद मिळालीच तर डोंबिवलीला उतरून रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले, पण रात्री इकडे मीटर पडत नाही, सांगतील ते द्यावे लागते. हे सगळे नाईटमध्येच धरलेले. एकाच दिवशी दोन प्रयोग लागले तर दुसऱ्याची पूर्ण नाईट की अर्धी? दौऱ्यावर बसमध्ये गेलेला दिवस कोणाचा? ऐन वेळी प्रयोग रद्द झाला तर? उत्तरे दर नाटकागणिक बदलतात, आणि एकाच नाटकात माणसागणिकही.

तालमींचे तर नावच नको. महिना-दीड महिना तालीम चालते, तेवढे दिवस दुसरे काम घेता येत नाही, आणि बहुतेकांच्या हाती चहा आणि वडापावच पडतो. १९१९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला, तेव्हा फुकटच्या अमर्याद तालमी हे त्यांचेही गाऱ्हाणे होते. महिनाभर नाटके बंद राहिली, आणि जो करार झाला त्यात फुकट तालमींना मर्यादा आली. लांब कशाला जायचे? १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली त्या काळात कंपनीचा नट मासिक पगारावर होता, कंपनीच्या बिऱ्हाडात राहत होता, तालमीच्या दिवशीही पंगतीला बसत होता. मालकाची मर्जी आणि कर्जबाजारीपणा तेव्हाही होता. त्या दिवसांचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. पण कंपन्या मोडल्या आणि नाईट आली, तेव्हा पगार गेला, बिऱ्हाड गेले, पंगत गेली, आणि या तिन्हींची किंमत नाईटमध्ये कधी मोजलीच गेली नाही. रंगकर्मी गिरगावच्या चाळीतून दादरला, तिथून मुलुंड-ठाण्याला आणि मग डोंबिवली-ठाकुर्लीला सरकला. आता घरमालकाने पुन्हा दहा टक्के वाढवले की बदलापूर-टिटवाळ्याकडे पाहतो. घर थिएटरपासून दर वेळी लांब गेले. प्रवासभत्ता जागच्या जागी राहिला.

निर्मात्यांची अडचण आम्हाला ठाऊक आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यावर गेले की अठरा टक्के. ही मर्यादा २०१८ च्या जानेवारीत ठरली. डिझेल, जाहिरात, थिएटरचे भाडे वर गेले, पण तिकीट पाचशेलाच अडले. ती मर्यादा वाढवून घ्यायला निर्मात्यांबरोबर आपणही उभे राहिले पाहिजे. मात्र अडचण खरी असेल तर ती हिशेबात दाखवा, बुकिंगचा आकडा टेबलावर ठेवा. हाऊसफुल्लचा बोर्ड दारात आणि 'धंदा नाही' हे वाक्य मेकअपरूममध्ये, हे आता चालणार नाही.

आणि आता आपल्याच माणसांबद्दल. लेखी कराराचा विषय काढला की आपल्यातलेच अर्धे जण मान खाली घालतात. 'दादा, आपले घरचे संबंध आहेत, कागद कसा मागायचा?' ज्येष्ठ नट स्वतःचा आकडा फोनवर ठरवून मोकळे होतात. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला काय मिळते, हे विचारत नाहीत. एक जण नाईट वाढवून मागतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी आपलाच कोणी दोनशे रुपये कमी घेऊन उभा राहतो. मार्च २०२० ते २२ ऑक्टोबर २०२१ या काळात बहुतेक दिवस थिएटरांना कुलूप होते. तेव्हा आपले काम गेले, हे सिद्ध करणारा एक कपटाही बहुतेकांकडे नव्हता. बँकेत कर्जाला गेलो की पगारपत्रक मागतात. मदतीच्या खिडकीवर गेलो की 'कामगार' असल्याचा पुरावा मागतात. आणि मानधनातून टीडीएस कापताना आपण 'व्यावसायिक' असतो. हे सगळे सोसूनही आपण कागदाला लाजतो, याचा आम्हाला राग येतो. ज्येष्ठ कलावंतांचे मानधन २०२४ पासून महिना पाच हजार झाले. त्यावर ठाकुर्लीत एक खोलीही भागत नाही. म्हातारपणी तेवढ्यावर यायचे नसेल तर उभारीच्या वयात हिशेब लिहायला लागा.

नामवंतांनी सुरुवात करावी. ज्याच्या नावावर बुकिंग चालते, त्याने 'सगळ्यांचे करार झाल्याशिवाय माझी तारीख नाही' एवढे एकदा म्हटले, तर आमच्या दहा अग्रलेखांनी होणार नाही ते काम होईल.

तोवर थांबू नका. वहीच्या पानावर लिहा : नाटकाचे नाव, तुमचे काम, एका प्रयोगाची नाईट, दुसऱ्या प्रयोगाची नाईट, तालमीचा रोज, उशिरा सुटल्यास घरी जाण्याची सोय किंवा तिचे पैसे, प्रयोग रद्द झाल्यास काय, पैसे किती दिवसांत. खाली दोन सह्यांना जागा ठेवा. दोन प्रती करा. व्यवस्थापकाने सही नाकारली तर तारीख घालून तेही त्याच पानावर लिहा आणि आमच्याकडे पाठवा, नाव छापणार नाही. पुढच्या अंकात आम्हाला दर छापायचे आहेत, कामानुसार आणि थिएटरनुसार. त्यासाठी निदान ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या प्रत्येक चालू नाटकातून एक तरी पान यायला हवे.