सही केली ना, मग भोगा!

परवा धाकट्या दिरांकडे सत्यनारायण होता. जेवणं आटोपली आणि विषय निघाला माझ्या भाचीच्या मुलाचा. तो कॅनडात, ओंटारिओ प्रांतात, एका उपाहारगृहात स्वयंपाकी आहे. भाऊजी सुपारी कातरत म्हणाले, "वहिनी, करार वाचला नव्हता का त्यानं? सही केली ना, मग भोगा!" चार जणांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या घरी कार्य होतं, म्हणून मी गप्प बसले. हा ब्लॉग मात्र माझं घर आहे, इथे बोलते. भाऊजी अधूनमधून वाचतात, आजही वाचावं.

आधी हकीकत. करारात आठवड्याचे ४० तास, प्रत्यक्षात काम ६० तास. वरच्या २० तासांचे पैसे "नंतर बघू". राहायची खोलीही मालकाचीच, भाडं पगारातून कापून घेतात. आपल्याकडचा पोरगा असता तर दुसरं हॉटेल गाठलं असतं. दुसरं हॉटेल तिथेही आहे, त्याच रस्त्यावर, आणि त्याचा मालक याला घ्यायला तयार आहे. पण याच्या वर्क परमिटवर एकाच मालकाचं नाव छापलेलं! क्लोज्ड वर्क परमिट म्हणतात त्याला. नोकरी सोडली तर परमिटची मुदत संपेपर्यंत देशात राहता येतं, काम मात्र करता येत नाही. खायचं काय, ते कायद्यात लिहिलेलं नाही.

"मग नवं परमिट काढावं." काढावं की! त्यासाठी आधी नव्या मालकानं एलएमआयए नावाचा सरकारी दाखला मिळवायचा. या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही, हे पटवून द्यायचं. कित्येक आठवडे जाहिराती, एका जागेमागे १००० डॉलर फी, वर वाट पाहणं. ही फी कामगाराकडून घेणं बेकायदा आहे, तरी दाखल्यांचा काळा बाजार चालतोच. इतका की कायम वास्तव्याच्या अर्जात या दाखल्याचे जे जादा गुण मिळत, ते तिथल्या सरकारनं मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. २०२० साली एक सवलत निघाली होती, नवं परमिट येईपर्यंत नव्या मालकाकडे काम सुरू करण्याची परवानगी मागण्याची. पण ती मागायलाही आधी दाखला हवाच. आणि सप्टेंबर २०२४ पासून, ज्या महानगर क्षेत्रात बेकारी ६ टक्के किंवा जास्त, तिथल्या कमी वेतनाच्या बहुतेक जागांचे अर्ज विचारातच घेत नाहीत. नोव्हेंबरमध्ये कमी वेतनाची रेषाही २० टक्क्यांनी वर सरकवली, म्हणजे आणखी माणसं त्या रेषेखाली आली. आमच्या मुलाचं शहर नेमकं त्यात सापडलं.

स्थानिकांच्या नोकऱ्या वाचाव्यात हा हेतू मला समजतो. बाहेरून किती माणसं आणायची ते त्यांनी ठरवावं, त्यांचा देश आहे. पण जो आत आलेलाच आहे, त्याला एका दाराला बांधून स्थानिकांचं काय भलं होतं? सोडून जाऊ शकत नाही असा नोकर मिळत असेल, तर मालक सोडून जाऊ शकणारा कशाला ठेवेल? साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे हो हा.

छळ होत असेल तर जून २०१९ पासून एक खुलं परमिट मिळतं, हे खरं. पण छळाचा पुरावा कामगारानं द्यायचा, आणि मिळालं तरी ते साधारण वर्षभराचं. पुढे पुन्हा तोच दाखला शोधा. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता कॅनडात जाऊन आले आणि या पद्धतीत गुलामगिरीची आधुनिक रूपं पोसली जातात, असं म्हणाले. आमच्या पंगतीत हे सांगितलं असतं तर "काहीतरीच काय" झालं असतं.

काहीतरीच का? आपल्या कोकणातली माणसं एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि आपण कौतुकानं त्यांचे फोटो एकमेकांना पाठवतो. त्या पूर्वजांनीही करारावर सही किंवा खूण केलेलीच होती. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापत, पासाशिवाय मळ्याबाहेर दिसलं की धरत. त्यांना "सही केली ना" असं कोणी म्हणत नाही. शंभर वर्षं उलटली की सगळ्यांना दया येते.

माझंही सांगते. पहिल्या शाळेच्या संस्थाचालकांनी माझं बी.ए.चं मूळ प्रमाणपत्र कपाटात ठेवून घेतलं होतं. परत मिळायला आठ महिने हेलपाटे घातले, रडलेसुद्धा. पण शेवटी एक महिन्याची नोटीस दिली आणि पुढच्या जूनपासून दुसऱ्या गावी शिकवू लागले. ही शाळा सोडलीस तर महाराष्ट्रात कुठेच शिकवता येणार नाही, असं मला कोणी म्हणालं नाही. आणि भाऊजी, तुम्ही बँकेत लागण्याआधी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. एक तर साहेब ओरडला म्हणून, अकराव्या दिवशी. सह्या तिन्ही ठिकाणी केल्या होत्यात.

मुलाचं परमिट मार्चमध्ये संपतंय. खुल्या परमिटसाठी अर्ज करायला तो घाबरतो, मालकाला कळेल म्हणून. मी त्याला एवढंच सांगितलंय की पगाराच्या पावत्या, मालकाचे निरोप आणि रोजचे तास वहीत तारखेनिशी लिहून ठेव. गेल्या रविवारी त्यानं वहीचं पान मोबाईलवर दाखवलं. अक्षर अजून तसंच आहे, तिसरीत होतं तसं. मी शुद्धलेखन काढलं नाही.