‘स्पिन’ म्हणजे नुसतं फिरणं?

‘स्पिन’ला मराठीत काय म्हणतात, असं विचारलं की बहुतेक मुलं पटकन सांगतात : फिरणं. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. या एका शब्दावर भागवलंत, तर तुमचं मराठी तोकडं पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्रजीत या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ गोल फिरणं नव्हताच. तो सूत कातणं असा होता. कातताना चाती गरगर फिरते, तिथून पुढे फिरण्याचा अर्थ आला. मराठीत आपण सूत ‘काततो’ आणि कोळी जाळं ‘विणतो’. तिथे कुणी काही फिरवत नाही.

आता तुमच्या आसपास बघा. ‘ऐन दुबई’ हा २५० मीटर उंच पाळणा फिरतो, पण गरगर नाही. त्याच्या एका फेरीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. गरगर म्हणजे भराभर. वाळवंटातल्या सफारीत तुम्ही तनूरा नाच पाहिला असेल. मूळचा इजिप्तचा, घेरदार घागरा घालून करायचा. तो नाचणारा ‘फिरतो’ असं म्हणालात, तर तो वाळवंटात भटकतोय असंही कुणाला वाटेल! तो जागच्या जागी ‘गिरक्या घेतो’.

क्रिकेटमध्ये तर आणखी मजा. शारजात २२ एप्रिल १९९८ला सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ धावा केल्या. समोरच्या संघात शेन वॉर्न होता. अशा गोलंदाजाला मराठी वर्तमानपत्रं ‘फिरकीपटू’ म्हणतात. घरी मॅच बघताना सगळे ‘स्पिनर’च म्हणतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण ‘फिरकी’ माहीत हवी. कारण मित्र म्हणाला, “अरे, ती तुझी फिरकी घेतेय,” तर चेंडू शोधत बसू नका. ती तुमची थट्टा करतेय!

इंग्रजीत गाडी घेऊन ‘स्पिन’ला जातात. आपण कॉर्निशवर ‘चक्कर मारतो’. इथे क्रियापद सांभाळा हं. चक्कर मारली तर मजा, चक्कर आली तर आधी खाली बसा.

आणि इथला उन्हाळा काही साधा नाही. पारा ४५च्या वर जातो. अशा दिवशी खेळून घरी आलात आणि पुण्यातल्या आजीला फोनवर म्हणालात, “आजी, डोकं स्पिन होतंय,” तर तिला काय कळणार? तिला वाटेल, नवीन खेळ असेल काहीतरी. त्याऐवजी “आजी, मला गरगरतंय” म्हणा, नाहीतर “भोवळ आल्यासारखं वाटतंय” म्हणा. मग बघा, ती लगेच विचारेल : पाणी प्यायलास का? उन्हात किती वेळ होतास? आईला फोन दे आधी.